आईची पीएच.डी. आणि माझे चौदा फॉर्म

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख द्या अशी नोटीस मेसच्या बाहेर लागली आणि मी नाव दिलं, तेव्हा आमच्या रूममध्ये चांगलाच हशा पिकला. कारण मी कॉन्व्हेंटची! नर्सरीपासून दहावीपर्यंत ‘गुड मॉर्निंग सिस्टर’ म्हणत वाढलेली. माझा मराठीचा पेपर तपासताना बाईंना लाल पेनची रिफिल बदलावी लागत असणार. तरी लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ रूममेटनं तपासलंय, त्यातूनही राहिलेल्या चुका माझ्या समजाव्यात.

विषय सुचला तो मिनी प्रोजेक्टमुळे. आमच्या ग्रुपला एक सर्व्हे करायचा होता, किमान साठ लोकांचा. गुगल फॉर्म तयार झाला रात्री साडेदहाला आणि साडेअकराला साठ रिस्पॉन्स जमा! रूम नंबर अमुकपासून तमुकपर्यंत प्रत्येकीनं आठ-आठ, दहा-दहा वेळा भरला. ग्राफ सुंदर आले. लॅबमधल्या रीडिंगचं आपण काय करतो हे इथे लिहायला नको, स्टाफही हे मॅगझिन वाचतो. पण त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते म्हणजे माझ्या आईची पीएच.डी.

(घरी मी तिला मम्मीच म्हणते. पण मराठीत लिहायला बसलं की ‘आई’ असंच येतं हातातून, काय करणार.)

आम्ही भंडाऱ्याचे. आई कॉमर्स आणि मॅनेजमेंट शिकवते, पण तासिका तत्त्वावर. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, परीक्षा सुरू झाल्या की पैसे बंद, आणि दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत, जणू काही मागच्या वर्षी भेटलोच नव्हतो. सेट ती माझ्या जन्माआधीच पास झाली होती. पीएच.डी. मात्र राहून गेली. लग्न, मी, मग आजीचं आजारपण. शेवटी २०१७ मध्ये एक दिवस ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी फॉर्म भरते आहे." बाबांना वाटलं एलआयसीचा.

मॅनेजमेंटमधली डॉक्टरेट म्हटलं की लोकांना आयआयएम आठवतं. अहमदाबाद आणि कलकत्त्याला हा अभ्यासक्रम १९७१ पासून आहे. गंमत म्हणजे कितीतरी वर्षं तिथून बाहेर पडणाऱ्यांना पीएच.डी. मिळतच नव्हती, ‘फेलो’ म्हणत. कारण आयआयएमना पदवी द्यायचा अधिकारच नव्हता. तो २०१७ च्या कायद्यानं आला. आमच्यापासून साठेक किलोमीटरवर नागपूरला २०१५ मध्ये आयआयएम निघालं तेव्हा आईनं अशा संस्थांची माहिती काढून पाहिली होती. पूर्णवेळ राहायचं, विद्यावेतन मिळायचं, सगळं छान. फक्त घर, सासू आणि मुलगी यांना कुठे ठेवायचं ते माहितीपत्रकात नव्हतं. म्हणून मग आपल्यासारख्यांचा रस्ता, विद्यापीठाचा.

या रस्त्यात पहिलं काम म्हणजे गाईड शोधणं. मला वाटायचं, गाईड म्हणजे ट्रिपमधला गाईड, पैसे दिले की येतो. तसं नसतं. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ विद्यार्थी, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार. त्यामुळे आईचे फोन असे चालायचे : "सर, एखादी जागा रिकामी आहे का?" हे ऐकून आजीला वाटायचं आपण भाड्यानं घर बघतोय. सेट झाल्यामुळे प्रवेश परीक्षेतून ती सुटली, पण समितीपुढे विषय मांडायचं काही सुटलं नाही. तिनं विषय नेला होता ‘महाराष्ट्रातील हातमाग उद्योगाच्या विपणन समस्या’. समितीतले एक सर हसून म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे स्कूटी आहे की हेलिकॉप्टर?" स्कूटीच होती. मग विषय लहान होत होत आमच्या जिल्ह्यापुरता आणि कोशापुरता उरला. भंडारा जिल्ह्यातले टसर विणकर, त्यांचा कच्चा माल, कर्ज आणि विक्री. २०१८ मध्ये नोंदणी झाली, सहा महिन्यांचा कोर्सवर्क झाला. आई पहिल्यांदा माझ्याशेजारी बसून होमवर्क करायला लागली.

आता भंडाऱ्याचा कोसा म्हणजे काय हे मलाही तोवर माहीत नव्हतं. भंडारा म्हणजे पितळेची भांडी आणि धान, एवढंच. वर्गात ‘सिल्क’ या धड्यात तुतीची पानं खाणारी अळी होती. आपल्याकडची अळी ऐन आणि अर्जुनाची पानं खाते, झाडावर, जंगलात, उघड्यावर. ढिवर समाजातली माणसं ती वाढवतात, पाखरांपासून राखतात. त्या कोशांचा धागा निघतो, आणि मोहाडी, आंधळगाव या भागात मागावर त्याचं कापड होतं. त्यातली आपली खास म्हणजे करवती साडी. काठाला करवतीचे दात असल्यासारखी नक्षी, म्हणून करवती. अंग टसरचं आणि काठ सुताचे. ते जोडायला एका ओळीत तीन धोटे चालवावे लागतात, एक मधल्या अंगाला आणि एकेक दोन्ही काठांना. मी मेकॅनिकलची नाही, तरी तो माग बघून मला आमच्या वर्कशॉपमधल्या कुठल्याही मशीनपेक्षा जास्त नवल वाटलं होतं. माणूस खड्ड्यात पाय सोडून बसतो. पाय पावड्यांवर, हात धोट्यावर आणि डोळे काठावर.

माझी भरती झाली ती भाषांतरासाठी. मॅनेजमेंटचं सगळं इंग्रजीत. आईचं शिक्षण मराठीतून, आणि घरात कॉन्व्हेंटवर एवढा खर्च केलेला, तो वसूल करायचा होता! प्रश्नावली गाईड सरांनी इंग्रजीत पक्की केली, ती मराठीत आणायचं काम मी शब्दकोश घेऊन केलं. माझा पहिला प्रश्न असा होता : ‘आपण संस्थात्मक पतपुरवठ्याचा लाभ घेतला आहे काय?’ मोहाडीला पहिल्याच घरी आईनं तो वाचला. घरातल्या बाई सूत भरता भरता थांबल्या. म्हणाल्या, "बाई, हे हिंदी होय का?" आईनं तिथल्या तिथे बदलला, "बँकेतून कर्ज काढलं का कधी?" "मंग असं विचारा नं!"

दुसरी भानगड होती पाच पर्यायांची. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. संशोधनात हे चालतं, पण मागावर बसलेल्या माणसाला ‘तटस्थ’ म्हणजे काय ते कसं सांगणार? एक काका वैतागून म्हणाले, "हो म्हनू का नाही म्हनू, थे सांगा. आमाले काम हाये." दोन दिवस असेच वाया गेले. तिसऱ्या दिवशी आईनं पर्समध्ये चिंचोके टाकून नेले. पाच चिंचोके समोर मांडायचे आणि सांगायचं, जेवढं पटते तेवढे उचला, काहीच नाही पटलं तर एकही उचलू नका. सगळ्यांना लगेच समजलं. एका आजींनी तर पाच उचलून, "अजून आहेत का?" असं विचारलं. प्रश्न होता ‘व्यापारी भाव पाडून मागतात असं वाटतं का’. शून्य आकड्याचं काय करायचं यावर गाईड सरांशी थोडी चर्चा झाली, मग ‘पूर्ण असहमत’मध्ये तो कसा घ्यायचा ते ठरलं आणि चिंचोके थिसिसमध्ये गेले. मार्जिनमध्ये आई पेन्सिलीनं काहीबाही लिहून ठेवायची. ‘चहा दिला. सुनेला दिवस आहेत.’ ‘मागावर ताडपत्री, पाऊस गळतो.’ ‘मुलगा पुण्याला सिक्युरिटीत.’ मी म्हणायची, हे कशाला? हे टेबलमध्ये कुठे बसणार? ती म्हणायची, राहू दे.

दोनशे मुलाखती घ्यायच्या होत्या. मार्च २०२० पर्यंत शंभरच्या आसपास झाल्या आणि लॉकडाऊन लागला. त्या काळाबद्दल काय लिहू, सगळ्यांनीच पाहिलाय. २०२१ मध्ये आमची दहावीची परीक्षाच रद्द झाली. मी परीक्षा न देता पास झालेल्या बॅचची! त्यावरून हॉस्टेलमध्ये अजून ऐकून घ्यावं लागतं. त्याच वर्षी आजी गेली. दिवाळीनंतर आईनं पुन्हा स्कूटी काढली आणि जानेवारी २०२२ पर्यंत एकशे शहाऐंशी मुलाखती पूर्ण केल्या. चौदा उरल्या. आणि तिसरी लाट आली.

आता माझा भाग.

आईनं मला चौदा नावं आणि फोन नंबरांची यादी दिली. "फोनवर विचारून भर. मी तासांमध्ये अडकलेय. चिंचोके नाहीत तर बोटांवर सांग त्यांना." मी अकरावीत. कॉलेज परत बंद, दिवसभर घरीच, ऑनलाइन क्लासचा कंटाळा. पहिला फोन लावला, स्विच ऑफ. दुसरा एका दुकानात लागला, त्यांनी बोलावून आणतो म्हणून फोन ठेवून दिला. तिसऱ्यावर एक बाई जोरात ओरडल्या की लोनवाल्यांनी परत फोन करायचा नाही. बस्स. एवढाच माझा फील्डवर्क.

मग मी पंख्याखाली बसून चौदा फॉर्म भरले. एका दुपारी. खरं सांगते, मला तेव्हा गुन्हा केल्यासारखं अजिबात वाटलं नाही. उलट हुशारी केल्यासारखं वाटलं. आधीचे एकशे शहाऐंशी फॉर्म मी टाईप केले होते, त्यामुळे लोक साधारण काय बोलतात ते मला पाठ होतं. मी विचारपूर्वक भरले हो! सगळ्यांची उत्तरं सारखी येऊ नयेत म्हणून बदलत गेले. दोन वेगवेगळी पेनं वापरली. वयं टाकताना तर फारच डोकं लावलं : ३७, ४३, ५१, ४६, ६२... रँडम वाटायला पाहिजेत नं. संध्याकाळी आईनं विचारलं, "नीट बोलले लोक?" मी म्हटलं, "हो."

हा ‘हो’ म्हणजे एकच अक्षर. तीन महिने त्याबद्दल काही झालं नाही.

एप्रिलमध्ये आई एक्सेलमध्ये सगळा डेटा तपासत होती. मी शेजारी मोबाईल बघत बसले होते. तिनं विचारलं, "हे १४३ नंबरचे बाबा. यांच्याशी तू फोनवर बोललीस?"

"हो."

"त्यांना ऐकू येत नाही, बेटा. अजिबात."

पंख्याचा आवाज किती मोठा असतो ते मला त्या दिवशी कळलं. मी आधी म्हणून पाहिलं की सुनेनं उत्तरं दिली असतील. आईनं काही न बोलता वयाचा कॉलम दाखवला. एकशे शहाऐंशी जणांची वयं खाली-खाली : ४०, ४५, ५०, ५५, ६०, ५०, ४५. खेड्यात कुणी ‘मी ४३ वर्षांचा’ असं सांगत नाही. "असन पन्नास-पंचावन," असं सांगतात. आई त्यातला एक आकडा लिहायची. आणि त्यात मध्येच माझे चौदा जण, ३७, ४३, ५१. जेवढे खरे दिसावेत म्हणून डोकं चालवलं तेवढेच उठून दिसत होते, भाताच्या ताटात खडे दिसावेत तसे. शिवाय त्या चौदांच्या मार्जिनमध्ये एक शब्द नव्हता. त्यांच्यापैकी कुणी चहा दिला नव्हता, कुणाचं छप्पर गळत नव्हतं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं चौदा फॉर्म बाजूला काढले, त्यांना रबर बँड लावला आणि म्हणाली, "तुझी परीक्षा कधी संपते?"

"पाच तारखेला."

"सहाला निघू."

मे महिन्यातला भंडारा ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगावं. सकाळी साडेसहाला निघायचं, वरठीला रेल्वे फाटक ओलांडून मोहाडीकडे, आणि अकराच्या आत दोन-तीन घरं आटोपून परत. दुपट्टा डोक्याला, पाण्याच्या दोन बाटल्या, एक कांदा पर्समध्ये. (लू लागू नये म्हणून. कॉन्व्हेंटच्या सायन्समध्ये हा कांदा नाही.) पहिल्या दिवशी आम्ही एकमेकींशी बोललोच नाही. मोहाडीला चौंडेश्वरीच्या देवळापाशी तिनं स्कूटी थांबवली, पाणी प्यायली, मला दिलं. म्हणाली, "आज प्रश्न तू विचारायचे. मी फक्त लिहीन."

माझ्या यादीतल्या ३७ वर्षांच्या इसमाला मी भेटले तेव्हा ते साठीच्या पुढचे निघाले. ज्या बाईंना मी ‘स्वतःचे दोन माग’ दिले होते त्यांच्याकडे एकही नव्हता. मुलीच्या लग्नात विकला होता, आता दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं विणत होत्या. एका घरी मी ‘कच्चा माल कुठून’ याला फॉर्मवर ‘मार्केट’ असं लिहिलं होतं. तिथे मार्केट वगैरे काही नव्हतं. एक व्यापारी सूत घरी आणून टाकतो आणि साडी तोच घेऊन जातो, मधला हिशेब त्याच्याच वहीत. हे आईच्या थिसिसचं एक अख्खं प्रकरण होतं आणि मी टाईप करूनही मला ते समजलं नव्हतं!

१४३ नंबरला आम्ही शेवटी गेलो. बाबा मागावर बसले होते. सून त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, त्यांनी नुसतं हसून दाखवलं. मी चिंचोके मांडले. सून हातवाऱ्यांनी प्रश्न समजावून सांगायची, बाबा चिंचोके उचलायचे. इतका सरळ माणूस अख्ख्या यादीत नव्हता. भावाबद्दल : पाच उचलले. कर्ज : एक. सरकारी योजनेचा फायदा : एकही नाही, आणि वर हसले. मग शेवटचा प्रश्न आला, ‘मुलांनी-नातवंडांनी हा व्यवसाय पुढे चालवावा असं वाटतं का?’

मी घरी पंख्याखाली बसून यांच्या नावावर चार टाकले होते. ‘सहमत’. मला वाटलं होतं, एवढी सुंदर कला, अभिमान असणारच.

सुनेनं प्रश्न समजावला. पलीकडे नातू बसला होता, त्याच्याकडे बोट दाखवलं, मागाकडे दाखवलं. बाबांनी पाचही चिंचोके एकदम उचलले. मग थोडा वेळ हातात तसेच धरून ठेवले. मग एकेक करून परत खाली ठेवायला लागले. शेवटचा ठेवायच्या आधी त्यांनी काठाकडे पाहिलं, करवतीच्या दातांकडे, आणि तोही ठेवून दिला. आईनं फॉर्मवर शून्य लिहिलं. मार्जिनमध्ये काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर तीन-चार दिवसांनी मी धीर करून विचारलं, माझ्या चौदांमुळे निकाल किती बदलला असता? इंजिनिअरिंगचं डोकं, दुसरं काय! दोनशेत चौदा म्हणजे सात टक्के. आईनं दोन्ही टेबलं काढून दाखवली. आकडे थोडे हलले होते, निष्कर्ष तोच होता. मला हायसं वाटलं आणि मी म्हणूनही गेले, "म्हणजे तसा काही फरक नव्हता." आईनं चष्म्यावरून पाहिलं फक्त.

पुढचं पटकन सांगते, कारण पुढचं सगळ्यांच्याच पीएच.डी.त असतं. नियमाप्रमाणे एक शोधनिबंध छापून यायला हवा होता आणि दोन परिषदांत वाचायचे होते. ते झालं. (नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांत छापण्याची सक्ती गेली, पण ती नंतरच्यांसाठी.) कॉम्प्युटरची हार्डडिस्क एकदा गेली, पेन ड्राइव्हमध्ये दोन प्रकरणं जुनी सापडली, बाकीची पुन्हा लिहिली. मग साम्य तपासणारं सॉफ्टवेअर. २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, चाळीसच्या आत असेल तर सुधारून द्या, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आईचं आलं तेवीस! तिनं कुणाचं काही उचललं नव्हतं. पण व्याख्या आणि योजनांची वर्णनं सगळेच तशीच लिहितात. महिनाभर आम्ही दोघी वाक्यं उलटीपालटी करत बसलो. त्या महिन्यात माझं इंग्रजी सुधारलं आणि तिचं बीपी वाढलं.

त्याच काळात तिनं मला बाबासाहेबांची गोष्ट सांगितली. बाबासाहेब १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्यातून उभे होते आणि हरले, हे मला माहीतच नव्हतं. दहा वर्षं इतिहास शिकून! आणि त्यांची डॉक्टरेट. १९१३ मध्ये ते कोलंबियाला गेले, पण तिथली पीएच.डी. हातात पडली १९२७ मध्ये, प्रबंध छापून दिल्यानंतर. मध्ये १९१७ मध्ये लंडनहून अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं आणि त्यांची पुस्तकं ज्या जहाजावर होती ते पाणबुडीनं बुडवलं. लंडनचा रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी एकदा परत पाठवला, तो दुरुस्त करून दिल्यावर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. आई म्हणाली, "त्यांचं जहाज बुडालं, आपली हार्डडिस्क." आणि पुन्हा कामाला लागली.

जुलै २०२३ मध्ये पेपरात बातमी आली. असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट-सेट पुरे, पीएच.डी. ऐच्छिक. थिसिस बाइंडिंगला टाकायच्या बेतात होता. बाबांनी बातमी मोठ्यानं वाचली आणि सहज म्हणाले, "म्हणजे आता नाही केली तरी चालते?" स्वयंपाकघरातून आवाज आला, "मले चालत नाही!" आई एरवी घरात शुद्ध बोलते. चिडली की माहेरची भाषा येते.

व्हायवा २०२४ मध्ये झाला. मी फर्स्ट इयरला होते, हॉस्टेलवरून एक दिवसाची सुट्टी काढून गेले आणि मागच्या रांगेत बसले. पीएच.डी.चा व्हायवा खुला असतो, कुणीही बसू शकतं आणि प्रश्नही विचारू शकतं, हे मला तिथे कळलं. आपल्यासारखं बंद दाराआड पाच मिनिटांत ‘नेक्स्ट’ नाही. बाहेरून आलेले परीक्षक शांत स्वभावाचे होते. तासभर सगळं नीट चाललं. मग त्यांनी प्रकरण तिसरं उघडलं आणि विचारलं, "माहिती विश्वासार्ह आहे याची खात्री तुम्ही कशी केली?"

माझे हात गार पडले. मी आईकडे बघणं टाळलं.

आई म्हणाली, "सर, चौदा अनुसूची मी रद्द केल्या. त्या मदतनिसाकडून फोनवर भरून घेतल्या होत्या, तपासताना मला शंका आली. मग त्या चौदाही जणांकडे मी स्वतः गेले. तसं प्रबंधात नमूद केलंय." परीक्षकांनी पान पाहिलं, मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. ते वाक्य प्रबंधात होतंच. आईनं सांगितलं होतं आणि मीच ते टाईप केलं होतं, २०२२ च्या जूनमध्ये, कॉमा कुठे द्यायचा ते विचारत. ‘मदतनीस’ हा शब्द तिचा. ऋणनिर्देशात मात्र माझं नाव आहे, टंकलेखन आणि ‘चौदा घरांपर्यंत सोबत’ यासाठी. वाचणाऱ्याला वाटेल, चौदाच का? दोनशे घरं होती नं?

आता ती डॉक्टर आहे. थिसिस शोधगंगेवर गेला, कुणीही वाचू शकतं. नोकरी अजून तासिका तत्त्वावरच आहे, फक्त नेमप्लेट बदलली. आमच्या मिनी प्रोजेक्टचं म्हणाल तर मी ग्रुपमध्ये विषय काढला होता. मला ‘एकच आठवडा उरलाय’ असं ऐकायला मिळालं. तेही खरं आहे. साठापैकी बारा मी खरे करून आणले, मेसचे मामा, वॉचमन काका आणि सिक्युरिटीच्या मावशी धरून. बाकीच्या अठ्ठेचाळीसांचं सबमिशनआधी काय होतं ते बघू.

निकाल लागल्यावर आई आणि मी पेढे घेऊन मोहाडीला गेलो होतो. १४३ नंबरच्या घरी माग भिंतीकडे सरकवून ठेवला होता, त्यावर धानाची पोती. बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनी आईला ओळखलं आणि पाच बोटं दाखवून हसले. चिंचोक्यांची खूण! सून त्यांच्या कानाशी जाऊन जोरात ओरडली, "बाई डॉक्टर झाली, बाबा! डॉक्टर!"

या वेळी त्यांना ऐकू गेलं असावं. त्यांनी पेढा तोंडात टाकला, सरसावून बसले आणि उजवा कान आईच्या पुढे केला.